धुक्यातली विचारपूस

भाट्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. राजिवड्याच्या बाजूने मी आणि मन्सूर होडी चालवायचो. ओहोटीला होडी चिखलात बसायची. मग पलीकडच्या माणसाने भरतीची वाट बघायची. कुणी एकटंच तिकडे पाण्याकडे बघत बसलं, की आम्ही अलीकडून हाका मारून त्याच्याशी बोलत राहायचो. एक बाई अशीच बसल्या बसल्या उठून पाण्यात गेली होती, तेव्हापासूनची ही रीत. काय जेवलास, शेळी व्याली का, असलंच काहीतरी. बोलणं तुटू द्यायचं नाही, एवढंच.

छप्पन सालच्या पौषातली सकाळ होती. ओहोटी होती, होडी चिखलात बसलेली. धुकं इतकं, की आमच्याच होडीचं पुढचं टोक दिसेना. पलीकडून तुळसाची हाक आली. दिवाळीनंतर तिचं तान्हं मूल तापाने गेलं होतं. नवरा मुंबईला गोदीत. घरात ती एकटी.

"कुठे निघालीस गो?" मी ओरडलो.

"कुठंच नाय, धाकूमामा."

मन्सूरने माझ्याकडे पाहिलं.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चूल पेटवलीच नाय."

मग धुक्यातून कुणीतरी विचारलं, "पाय भिजले का?"

आवाज माझा होता. मी तोंड उघडलं नव्हतं.

"घोट्यापर्यंत," तुळसा म्हणाली.

"तू बोललास?" मन्सूर पुटपुटला. मी नकारार्थी मान हलवली. प्रतिध्वनी म्हणावा, तर तो आपलंच बोलणं परत देतो. हा नवं विचारत होता. खाडीच्या मधोमधून, अगदी मायेने.

"तुळसा, मागे हो! काठावर बस!"

"दमली असशील," तो आवाज म्हणाला. "ये. पाणी कुठवर आलं?"

"गुडघ्यापर्यंत."

आम्ही होडीला खांदे लावले. भरती नुकतीच लागली होती. तळ चिखलातून सुटेना. मी ओरडायचो, मग तो बोलायचा. दोन्ही आवाज माझेच. तिने कुणाचं ऐकावं?

मन्सूर एकाएकी गरजला, "तुळसे! मागे दिलंस ते बांगड्याचं कालवण कुत्र्यानेपण हुंगून सोडलं गो! मीठ घातलंस का सगळा दर्याच ओतलास?"

धुकं गप्प झालं.

"चाचा!" तुळसाचा आवाज चिरकला. "मग भांडं चाटून पुसून कुणी परत केलं? चाचीने सांगितलंय मला!"

"खोटारडी आहे ती!"

"तिच्या तोंडावर बोला की!"

त्या आवाजाला भांडता येत नव्हतं. मन्सूर घसा बसेपर्यंत भांडत राहिला. तीही एकेका शब्दाला उत्तर देत राहिली.

होडी सुटली.

ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. आम्ही तिला वर ओढलं. मन्सूरने आपली चादर तिच्याभोवती गुंडाळली. "घरी चल आमच्या. मीठ किती घालायचं ते चाचीलाच शिकव."

तेव्हा तिला रडू फुटलं. रडू दिलं. ती शांत झाल्यावर मी होडी वळवली.

थोडं अंतर तोडलं असेल. मागून, धुक्यातून, माझ्याच आवाजाने विचारलं, "पाणी कुठवर आलं?"

मन्सूरचा हात तुळसाच्या डोक्यावर थांबला. ती आमच्या मधे बसली होती, ओठ घट्ट मिटून.

"गळ्यापर्यंत," मागून तुळसा म्हणाली.