पान दिसतंय का?

खुर्ची मोकळी दिसली म्हणून ती बसली.

"हनुवटी इथे टेका. डावा डोळा झाका," अंधारातून आवाज आला... आणि तिने निमूटपणे झाकलासुद्धा!

"शेवटची ओळ वाचा."

"अहो, मी पेशंट नाही. वेबसाइटवाली."

डोळे तपासणारा तो तरुण ओशाळला. "मग डोळा कशाला झाकलात?"

"तुम्ही सांगितलंतच इतक्या गोड आवाजात—" ती बोलून गेली आणि जीभ चावली.

दवाखान्यात नंबर लावायचं पान तिने बनवलं होतं. नोकरी सोडून घेतलेलं स्वतःचं पहिलंच काम. सगळीकडे ते छान उघडायचं. या खोलीतल्या जुनाट कॉम्प्युटरवर मात्र कोरं. तो बदलावा, तर तपासणीचं मशीन त्याच्याशिवाय चालत नव्हतं. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "संध्याकाळचे पेशंट यायच्या आत चालू झालं तर ठेवते. नाहीतर काम दुसऱ्याला."

"काही शब्द ब्राउझरने स्वतःसाठी राखून ठेवलेले असतात," ती सांगू लागली. "ते आपण नाव म्हणून वापरले तर नवे ब्राउझर चालवून घेतात. हा म्हातारा अडून बसतो, आणि कुठे अडला तेही धड सांगत नाही."

"मग?"

"अर्धं काढून बघायचं. पान दिसलं, तर चूक काढलेल्या अर्ध्यात."

तिच्या लॅपटॉपला मोबाइलचं नेट बाहेरच्या बाकावरच मिळत होतं. ती तिथून बदल करी, तो आत पान पुन्हा उघडी.

"दिसतंय का?"

"कोरं!"

"आता?"

"...कोरं. तुमच्या केसांत पेन्सिल अडकलीय, माहितेय ना?"

"माझ्याकडे नको, पडद्याकडे बघा!"

उरलेली ओळन् ओळ तिने चाळली. चूक सापडेना. बाकावरचं ऊन जमिनीवर उतरलं, डोळे चुरचुरू लागले. तिने ओठ घट्ट आवळले. "चला, पुन्हा पहिल्यापासून!"

तो दारात आला. चेहरा पडलेला.

"मघाशी... दुसऱ्यांदा विचारलंत ना, तेव्हा पान दिसलं होतं."

"आणि तुम्ही कोरं म्हणालात? का?"

"चालू झालं असतं, तर तुम्ही निघून गेला असतात."

"माझं काम हातचं जातंय, आणि तुम्हाला—" तिने दाराकडे बोट दाखवलं. "आत जा. आता खरं तेच सांगा. भांडण नंतर!"

मग वेळ लागला नाही. नंबर रद्द करायच्या कामाला तिने 'डिलीट' असं नाव दिलं होतं. तोच तो राखीव शब्द. तिने नाव बदललं.

"आलं!" तो ओरडला. या वेळी ती स्वतः आत जाऊन बघून आली.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी एक नंबर लावून पाहिला, रद्द करून पाहिला. "ठीक. ठेवते," म्हणत त्या आपल्या खोलीत गेल्या.

तिने बॅग खांद्याला लावली.

"चुकलो," तो हळूच म्हणाला. "सरळ विचारायला हवं होतं."

"मग विचारा ना."

"तुम्ही मला... आवडता. थोडं थांबाल?"

बाहेर पहिला पेशंट खाकरला. तिने तरुणाकडे रोखून पाहिलं आणि बॅग पुन्हा खाली ठेवली.

"तुमचे पेशंट होऊ देत," ती म्हणाली. "मी आहे बाहेर. अजून भांडायचंय मला."