बावीस नंबरची मागणी

ऐरोलीच्या त्या कॉल सेंटरच्या ऑफिसमधून नंदकिशोर सबनीसांना बोलावणं आलं, ते अगदी साध्या कामाचं. एका हॉस्पिटलचं काम सोमवारपासून सुरू व्हायचं होतं आणि नेमकी त्या हॉस्पिटलची रिपोर्टची साइट ऑफिसात कुणालाच उघडत नव्हती. सबनीस तिथलीच सिस्टिम सांभाळून निवृत्त झालेले. पीएच.डी. झालेला माणूस, पण घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारा. हॉस्पिटलचं नाव ऐकून नाही म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं. तरी शनिवारी दुपारी ते आले.

"मोबाईलच्या नेटवर उघडतेय सर, इथल्या नेटवर नाय," अबोली म्हणाली. ऑफिसची सिस्टिम ती एकटी सांभाळायची. "सगळ्यांनी डोकं खाल्लंय माझं. चार वेळा बंद-चालू करून झालं."

"म्हणजे साइट ठीक आहे. आपणच कुठेतरी अडवतोय."

सर्व्हर रूमला खिडकी नव्हती. एसीचा गारठा, तापलेल्या प्लास्टिकचा वास, पंख्यांची घरघर, आणि अंधारात नेटवर्कच्या पेटीवर चोवीस दिव्यांची रांग. प्रत्येक टेबलाचा एक. सुट्टीमुळे सगळे विझलेले. सबनीसांनी पहिल्या पोर्टात लॅपटॉप जोडला, तसा पहिला दिवा लागला. त्यांनी अडवलेल्या साइट्सची यादी उघडली. पेट्या दोनदा बदलल्या, यादी मात्र जशीच्या तशी पुढे आली होती. का घातलीय ते ठाऊक नसलेली नोंद पुसायची हिंमत कोण करणार?

हॉस्पिटलच्या साइटची ही नोंद त्यांनीच घातली होती. तेरा वर्षांपूर्वी.

तेव्हा कॉल घेणाऱ्या मुलींचे फोन लॉकरमध्ये जमा असत. बावीस नंबरच्या टेबलावरची राजेश्वरी सकाळपासून दर दोन मिनिटांनी ती साइट उघडून बघत होती. कामाच्या वेळी हे काय, म्हणून सबनीसांनी ती अडवली. दुपारी ती दारात येऊन उभी राहिली.

"सर, आईच्या गाठीचा रिपोर्ट यायचाय. दोन मिनिटं उघडून द्या ना."

"मॅनेजरचा मेल आण. एकाला दिलं की सगळे येतात."

मॅनेजर मीटिंगमध्ये होता. तासभर वाट पाहून ती रिक्षा करून स्वतःच हॉस्पिटलला निघाली. ठाणे-बेलापूर रोडवर टँकरने रिक्षा उडवली. महिन्याभराने तिचा नवरा तिचं सामान न्यायला आला, तेव्हा म्हणाला, "रिपोर्ट चांगला होता हो सर. काहीच नव्हतं."

"सर..." अबोलीचा आवाज खाली आला होता. "हे बघा ना. बावीस नंबरवरून कुणीतरी हीच साइट मागतंय. दर दोन मिनिटांनी."

पडद्यावर ओळ उमटत होती: कुणी मागितलं, काय मागितलं, उत्तर काय. राजेश्वरी. नकार. राजेश्वरी. नकार. पेटीवर बाविसावा दिवा लुकलुकत होता.

"बावीसवर कोण बसतं?"

"कोणीच नाय. तिथे पाण्याचं मशीन ठेवलंय. वायरपण काढलीय..."

सबनीसांनी नोंद पुसली. बरोबर तीच पुसली ना, हे दोनदा पाहिलं.

राजेश्वरी. परवानगी.

"उघडली सर!" अबोली मोबाईल नाचवत म्हणाली. "ऑफिसच्या वायफायवर! सोमवार वाचला माझा. चला, चहा सांगते, इथे गारठून जाल."

"तू हो पुढे. मी येतो..."

दार लागलं. वाचला असेल तिने रिपोर्ट, त्यांना वाटलं. सुटली असेल.

पुन्हा ओळ उमटली. पुन्हा. आता दर सेकंदाला. तोच रिपोर्ट, पुन्हा, पुन्हा... चांगला रिपोर्ट कुणी इतक्यांदा का वाचेल? आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवशी हॉस्पिटलला जायची गरजच नव्हती, हे तिला आज कळलं होतं.

बाविसावा दिवा विझला. एकविसावा लागला. मग विसावा. एकोणिसावा.

उठावं असं पायांना फार वाटत होतं. सबनीस उठले नाहीत. एवढं तरी आपल्याला जमायला हवं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं.

"ये, बस..." तेव्हा जे म्हणायला हवं होतं, ते सबनीस आत्ता कसेबसे म्हणाले. "उघडून देतो..."

दिवा दुसऱ्या पोर्टावर, त्यांच्या लॅपटॉपच्या अगदी शेजारी, येऊन थांबला. त्यात वायर नव्हती. पडद्यावर शेवटची ओळ उमटली. या वेळी तिने हॉस्पिटलची साइट मागितली नव्हती. त्या जागी त्यांचं नाव होतं, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट.

आणि पुढे, त्यांनी कळफलकाला हातही लावलेला नसताना: परवानगी.