खाली ये

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच दात काढलेले मला चालायचे नाहीत. हे माझ्या पप्पांबरोबर घडलंय, आणि पप्पा थापा मारणाऱ्यातले नव्हते.

रविवार, वीस नोव्हेंबर १९३८. उत्तनजवळचं पाली गाव. आमचं घर टेकाडावर, खाली दर्या.

पप्पा मुंबईला तारखात्यात कामाला होते. हौस म्हणून सरकारी परवाना काढून त्यांनी माळ्यावर वायरलेस बसवला होता. गावात वीज कुठली? मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. कट्ट-कडकट्ट करत, तारेच्या टिंब-रेघांच्या भाषेत, लांबलांबच्या हौशी लोकांशी बोलायचे. त्यांचा थोरला भाऊ रॉक, त्यालाही शिकवलं.

रॉक आदल्या वर्षी होडीसकट बुडाला. मुडदा मिळालाच नाही.

आजीने त्याच्या नावाची मिस्सा, म्हणजे मेलेल्यासाठी चर्चमध्ये करतात ती प्रार्थना, करू दिली नाही. "माझा रॉक मेला न्हाय," म्हणायची. रोज त्याचं ताट वाढायची.

आता एक गोष्ट नीट ऐका. वायरलेसवर हाक मारायची एक ठरलेली जागा असते. कोणी ओ दिली की तिथं गप्पा मारायच्या नाहीत. "वर ये" किंवा "खाली ये" सांगायचं, आणि दोघांनी काटा सरकवून बाजूला जायचं. नाक्यावर भेटायचं आणि ओटीवर जाऊन बसायचं, तसं.

त्या संध्याकाळी चर्चची घंटा झाली. पप्पांनी हेडफोन चढवला. हाक मारायच्या जागेवर एरवी नुसता बाजार भरलेला असतो.

त्या दिवशी... कोणीच नाही.

मग हळूच एक खटखट सुरू झाली. थेट आमच्याच घराला हाक.

 तारवाल्यांना समोरच्याचा हात ओळखू येतो, आपल्याला घरच्यांची पावलं ओळखू येतात ना, तसा. रॉक शेवटची रेघ उगाच लांबवायचा. पप्पा चिडवायचे, "जालं ओढतंय की काय रं?"

ही रेघ... लांबलेली होती.

ओ द्यायला नको होती हो. पण सख्खा भाऊ! पप्पांनी दिली.

"खाली ये."

पप्पांनी काटा खाली सरकवला.

"खाली ये."

आणखी खाली. पुन्हा तेच. सरकवता सरकवता काटा पट्टीच्या टोकाला टेकला. पुढे जागाच नव्हती.

"खाली ये."

पप्पांनी हेडफोन उतरवला.

खटखट चालूच होती... खालून. घराच्या दारावर कोणीतरी बोटाने वाजवत होतं. आणि शेवटी लाकडावर नख ओढल्याचा लांब आवाज.

मग कडी निघाल्याचा आवाज आला.

पप्पा धडपडत उतरले. दार सताड उघडं. रॉकचं ताट वाढलेलं. आजी नाही.

ती दर्यात सापडली. कमरेपर्यंत पाणी, तरी पुढेच चाललेली. पप्पांनी दंडाला धरून मागे ओढली, तर त्यांनाच मारायला लागली.

"सोड मना! रॉक बोलवतंय. खाली ये बोलला!"

"आय, कोनी सांगलं तुला?"

"दार वाजवून बोलला ना! तू न्हाय आयकलंस?"

आजी अंगठाबहाद्दर. सहीसुद्धा येत नव्हती. ती कटकट तिला कोणी कधी शिकवली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी पप्पांनी पाद्रीबाबांना सांगून मिस्सा करवली. आजी आली नाही.

पुढच्या वर्षी लढाई लागली. सरकारने परवाने रद्द केले, सेट जमा करून घेतले. बाकीचे हौशी हळहळले, पप्पा म्हणाले, सुटलो. पण मरेपर्यंत एकच घोकायचे, "त्यानं हाक मारली, पन ओ मी दिली. माझ्यामुलं आय पाण्यात गेली."

मी आता भाईंदरला, इंद्रलोक नावाच्या वस्तीत राहते. चौथा मजला. दर्या लांब.

तरी नोव्हेंबरात, दिवेलागणीला, कधी कधी दारावर बोट वाजतं... आणि शेवटी नख ओढल्यासारखं होतं. मी उठत नाही.

मला ती भाषा येत नाही. पप्पा शिकवायला तयार होते, मीच शिकले नाही, मुद्दाम. कळलंच नाही तर जायचा प्रश्नच येत नाही, असं स्वतःला समजावते.

पण आजीला तरी कुठे येत होती?