निरंजनपुरींची तिथी

केशकालमापकाच्या पडद्यावरची रेघ पाहून डॉ. सबनीस चिडलेच. "मृण्मयी, तुझा नमुना बदललाय! हे तुझे पणजोबा वारले कधी?"

"वारले म्हणायचं नाही, सर. आम्ही गोसावी. निरंजनपुरींनी १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, जिवंत समाधी घेतली. वर दगड बसवला, संपलं. म्हणून त्यांचं श्राद्धही कधी झालं नाही. आता तिथून महामार्ग जाणार, समाधी हलवायची, तर आत्याने डोकं खाल्लंय. एवढी शिकलीस, ते गेले ती तिथी तरी काढून दे!"

"मग ही जटा त्यांची नव्हेच. अगं, महायुद्धानंतरच्या अणुचाचण्यांनी जगभरच्या हवेत जड कार्बन वाढवला. हवेतून तो गवतात आला, गवतातून दुधात, दुधातून माणसाच्या केसात. १९४३ला गेलेल्या माणसात तो येईल कुठून?"

रेघेला मात्र काही शंका नव्हती. टोकाकडे चाचण्यांआधीची स्वच्छ हवा, मग चढ, साठच्या दशकातला कळस आणि पुढे वर्षानुवर्षांचा उतार. म्हणजे जटा समाधीतही वाढत राहिली होती. समाधी उघडली तेव्हा देहाला जटेचे वेढेच्या वेढे पडले होते. जटाधारीच ते, म्हणून लांबी कुणी मनावर घेतली नव्हती.

"पण आत अन्न कुठलं?" सबनीसांचा आवाज उतरला होता.

त्या दगडाला मधोमध एक भोक होतं. आधी आजी आणि मग आत्या रोज त्यातून तांब्याभर दूध सोडायची. "आतून घोट ऐकू येतो गं," आत्या सांगायची. "दगडाला दूध पाजतेस," म्हणून मृण्मयीने तिची किती थट्टा केली होती!

"मुळाशी कुठलं साल आहे, सर?"

"२०२०. त्यापुढे वाढच नाही."

लॉकडाऊनच्या आदल्या दिवशी मृण्मयीनेच आत्याला हट्टाने पुण्याला आणलं होतं. आत्या गाडीत बसेना, दुधाचं कोण बघेल म्हणत होती. तिने जवळजवळ ओढूनच बसवलं होतं तिला. आता मृण्मयीला रडू फुटलं.

तेवढ्यात आत्याचाच फोन आला.

"काय गं, निघाली का तिथी?"

"काढतेय," मृण्मयी डोळे पुसत म्हणाली.

"बरं, सावकाश काढ. पण त्या दिवशी आधी दूध सोडू हं. इकडे आल्यापासून उपाशीच ठेवलंय मी त्यांना."