तीनदा धुतलेला डबा

हेब्बाळच्या भातखाचरात चिखलात वाकून मी खेकडा धरत होते, तेवढ्यात अंगावर फवारा आला. उग्र वास, ओला पदर... आणि पाठीवर पंप अडकवलेला एक उंच तरुण!

"मेला आंधळा आहे की काय!" मी पुटपुटले. इथे कानडी मुलखात मराठी कोणाला कळणार?

"आंधळा नाही अक्का, बेळगावचा आहे," तो हसला. "स्वल्प बाजूला व्हा. औषध मारतोय."

"औषध? विष म्हणा! आणि अक्का कोणाला म्हणता?"

"सरी, बरं. मग नाव सांगा..."

सांगितलं— रागानेच. अनुसूया. तो हयवदन; कीटकनाशकांच्या एका कंपनीतर्फे शेतकऱ्यांना फवारणी शिकवायचा. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. हे विष पाण्यात उतरलं की खेकड्यांच्या श्वासाचं काय होतं, ते मोजत होते. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एकच वर्ष दिलं होतं. चौसष्टच्या मार्चपर्यंत प्रयोग पुरा झाला नाही, तर कॉलेज बंद.

"खेकडे श्वास घेतात?"

"तुमच्यासारखाच. फक्त बडबड करत नाहीत."

मग दर शनिवारी तो बांधावर हजर. माझ्या टाक्यांसाठी लांबच्या विहिरीचं स्वच्छ पाणी सायकलवरून कॉलेजात आणून द्यायचा. मी पाहत नसले की माझ्याकडे पाहायचा— मला कळायचं.

फेब्रुवारीत एका सकाळी बघते तर स्वच्छ पाण्यातले आठही खेकडे उलटे पडलेले. तोंडाला फेस. विषाच्या टाकीतले मेले असते तर समजलं असतं, पण हे?

"या वेळी पाणी कशातून आणलंत?"

"आपल्या औषधाच्या डब्यातून. बादली फुटली होती. पण तीनदा धुतला हं, चिंच लावून!" तो कौतुकाच्या अपेक्षेने उभा होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीनदा धुऊन आठ मेले! आणि हेच रिकामे डबे तुम्ही गावातल्या बायकांना पाण्यासाठी वाटता ना?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो तसाच निघून गेला. मी रडले. वर्ष बुडालं म्हणून, आणि हा माणूस मला आवडायला लागला होता म्हणूनही. स्वतःचाच संताप आला.

आठवड्याने तो आला. हातात नवं मडकं, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मडक्यात ताजे खेकडे.

"घरोघरचे डबे परत घेतले. दोन प्रयोगासाठी ठेवले, बाकीचे ठेचून पुरले," तो म्हणाला. "आणि हे... डबा कुठला, कसा धुतला, सगळं लिहून सही केलीय. प्रबंधात घाला. आता धुतलेल्या डब्यांवरच प्रयोग करा."

"कंपनी काढून टाकेल."

"काढलं. काल."

मी कागद घेतला.

"अजून रागावलात... अनुसूया?"

"हो! खूप," मी त्याची चिंधी सोडून नीट बांधू लागले. "आणि ऐकून ठेवा— दुसऱ्या कोणावर इतकं रागवायची माझी इच्छा नाही. जन्मभर."