पत्र्यावरची एक थाप

दिवा बारीक असू दे. आणि मधेच "मग काय झालं" असं कुणी विचारायचं नाही. सांगतोय ना मी.

गल्लीच्या तोंडाशी ते कायम शटर पाडलेलं दुकान आहे ना, तिथे एक चष्मेवाला बसायचा. माझ्या शेजारचाच. माणूस तसा वाईट नव्हता, पण बापाला विटला होता. बापानं जन्मभर ट्रक चालवलेला आणि म्हातारपणी तो भ्रमिष्ट झालेला. दार उघडं दिसलं की रस्त्याला लागायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "माझी गाडी कुठे लावलीय?" म्हणून चष्मेवाला बाहेर पडताना कुलूप लावायचा.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार होता. चष्मेवाल्यानं ठरवलं, एक रात्र आपली. गाडी काढायची आणि लांबच्या एका ओसाड पठारावर एकट्यानंच जायचं. सकाळी म्हाताऱ्याच्या उशाशी जेवण-पाणी ठेवलं. वळून बघतो तर म्हातारा पांढरे मोजे चढवून दाराशी तयार.

"मी पण येतो की. मागे बसतो गप."

"उद्या दुपारी आलोच, बाबा. पडा जरा."

"गप बसतो म्हटलं ना."

कुलूप लागलं.

आणि खरं सांगतो, मजा आली त्याला. काचा खाली, गळा फाडून बेसूर गाणी, आणि "हळू चालव" म्हणणारं कुणी नाही. वाटेल तिथे थांबावं, थर्मासमधला चहा घ्यावा, पुन्हा निघावं. फोन तर त्यानं केव्हाच बंद केला होता. रमतगमत संध्याकाळी पठारावर पोचला. कमरेएवढं वाळलेलं गवत, चिटपाखरू नाही. जरा पाय मोकळे करून आला आणि पँटला चिकटलेली कुसळं उपटत बसला. मग सीट मागे पाडून आडवा झाला. कित्येक वर्षांनी त्याला हलकं वाटत होतं. बापाची एकदाही आठवण आली नाही.

मध्यरात्र उलटली असेल. गाडीच्या मागच्या पत्र्यावर थाप पडली. एकच.

आता ऐका नीट. लहानपणी सुट्टीत तो बापाच्या ट्रकवर जायचा. मागे उभं राहून पत्र्यावर थापा मारायचं काम त्याचं. दोन थापा म्हणजे जाऊ दे. एक थाप म्हणजे थांब. बापानंच शिकवलेलं.

तो उठून बसला. बाहेर गवत सळसळलं. वारा नव्हता.

थाप. आता दारावर.

"को... कोण आहे?"

...

काचेपाशी श्वास. दमलेला. चालून आलेल्या माणसाचा. शेजारच्या खाटेवरून रोज रात्री ऐकलेला. त्यानं ओळखला. अगदी बरोबर ओळखला.

आणि ओळखून काय केलं? दारं लॉक केली. चावी फिरवली. सुटला.

मागे थाप. वळणावर थाप. एक. मग पुन्हा एक. सगळा घाटभर...

तो थांबला नाही.

उजाडता उजाडता घरी आला. कुलूप जसंच्या तसं. काढलं, तर दार उघडेना. मी नुकताच रात्रपाळीवरून परतत होतो, मला हाक मारली. दोघांनी जोर लावला तेव्हा फटीतून आत जाता आलं. म्हातारा दाराला टेकून बसलेला. गार. उजवा तळहात सुजून काळानिळा झालेला.

समोरच्या बाई म्हणाल्या, "रात्रभर दार वाजवत होते हो. थोड्या थोड्या वेळानं, एकेकदा. रोजचंच, म्हणून मी उठले नाही."

चष्मेवाला ओक्साबोक्शी रडला. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

म्हाताऱ्याला खाटेवर आम्हीच ठेवलं. पायातले मोजे मी काढायला गेलो, तर बोटांत काहीतरी रुतलं. दिव्याखाली धरून पाहिलं. कुसळं. तळव्यापासून घोट्यापर्यंत, पांढरं काही दिसेना इतकी.

खिडक्यांना गज आहेत त्या घराच्या. आणि आपल्या गल्लीत गवत औषधालासुद्धा नाही.