एक इंची पाइप

मोंढ्यातल्या मोतीरामशेठच्या दुकानात निशा पाइपाच्या तोंडाला नाक लावून उभी होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "खरबूज नाय ते... वासावरून नाय कळायचं."

ती गर्रकन वळली. निळा शर्ट, कपाळावर आलेले केस, आणि डोळ्यांत दाबून धरलेलं हसू.

"माशांच्या टाकीला लावायचाय," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "हा करडा पाइप शेतीचा. त्यात काय काय मिसळलेलं असतं, कुणाला ठाऊक! मला पिण्याच्या पाण्याचा पांढरा हवाय. एक इंची, अख्खा."

"अख्खा एकच होता, ताई," मोतीरामशेठ म्हणाले. "तो या गणिताच्या सरांनी घेतला."

सर म्हणजे तोच, संघपाल. पैठणच्या शाळेत शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी चिकलठाण्याला मावशीकडं यायचा. मावशीच्या गच्चीवरल्या नळासाठी पाइप न्यायला आला होता.

निशाचा चेहरा पडला. घरातला जुना पाइप आदल्या दिवशीच तडकला होता आणि तिचे दोन्ही गोल्डफिश धुण्याच्या टबात दिवस काढत होते. हॉलमधल्या टाकीतून निघालेला पाइप भिंतीतल्या भोकातून बाल्कनीतल्या फिल्टरला जायचा. भोकात जोड मावत नसल्यानं मधे जोड चालतच नव्हता.

"तुमच्या मावशीचं जोड देऊन भागेल," ती हळूच म्हणाली. "माझं नाय भागणार."

"मावशीला काय सांगू?"

"गणिताचे सर ना तुम्ही? मांडा काहीतरी!"

तो मोकळेपणानं हसला. "घ्या पाइप. पण मासे बघायला मिळाले पाहिजेत."

"बघा की... तिकीट थोडंच लावलंय!"

आता एवढा लांब पाइप स्कूटीवरून न्यायचा कसा? शेवटी संघपाल मागं बसला, पाइप भाल्यासारखा उभा धरून. क्रांती चौकात सिग्नलला शेजारचा रिक्षावाला ओरडला, "क्या भाई, झंडा घर पे भूल गए क्या?" निशाला हसू आवरेना. पुढं गतिरोधकावर स्कूटी उडाली आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर टेकला... लगेच निघालाही.

"सॉरी हां..."

"धरा की. पाइपासकट पडाल, मग माझे मासे काय करतील?"

पण हात काही परत आला नाही. उगाचच तिला चुकल्यासारखं वाटलं.

घरी निशाच्या वडिलांनी, कडूबांनी, चहा ठेवला. संघपाल बाह्या सारून कामाला लागला. "मी मापतो," म्हणत त्यानं खूण केली आणि सरसर करवत चालवली. पाइप भिंतीत घातला, तर बाल्कनीकडून टोकच बाहेर येईना! वीतभर आखूड. जोडायला गेलं तर जोड नेमका भोकात येत होता.

"भिंतीची जाडी धरायची राहिली..." तो पुटपुटला.

"राहिली?" निशाचा आवाज चढला. "तुम्हाला काय, पाइपच तो! ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, तोही असंच म्हणायचा... मासेच ते. लग्नानंतर ही डबकी माझ्या घरात नको, म्हणाला. अंगठी परत केली मी!"

बोलून गेली आणि तिनं ओठ चावला. कडूबा चहाचे कप घेऊन दारातच थबकले. संघपालनं करवत जागेवर ठेवली, चपला घातल्या आणि गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार, मोंढा बंद. निशानं टबातलं थोडं पाणी बदललं. लहान मासा खाली बसून होता, खायला टाकलं तरी वर येईना. तिनं दोनदा दाराकडं पाहिलं. त्याचा नंबरसुद्धा घेतला नव्हता तिनं.

दुपारी बेल वाजली. दारात संघपाल, घामानं निथळलेला. हातात तसाच पांढरा पाइप.

"पैठणला ओळखीचं दुकान उघडायला लावलं. एसटीत कंडक्टर चढू देईना, म्हणून टेम्पोतून आलो." त्यानं पाइप तिच्यापुढं धरला. "या बारीला तू माप. मी नुसता धरतो."

तू! दोघांच्याही ते लक्षात आलं. दोघंही पाइपाकडं पाहत राहिली.

तिनं मापलं, कापलं, दोन्ही टोकांच्या जोडांना पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलं. टाकीखालच्या अंधाऱ्या जागेत दोघांची डोकी टक्कन आपटली. कुणीच मागं सरकलं नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत वाळू द्यायचं," ती कुजबुजली. "घाई केली तर पाण्यात उतरतं..."

"मला कुठं घाई आहे?"

"काल का गेलास न बोलता?"

"माफी मागायला तोंड नव्हतं. पाइप मिळाला, तेव्हा धीर आला."

"आणि मिळाला नसता तर?"

त्यानं सोल्युशनच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "तरी आलो असतो. मला तू आवडतेस, निशा. पण हे रिकाम्या हातानं कसं सांगू, तेवढंच कळत नव्हतं."

तिनं त्याच्या बोटांना चिकटलेलं सोल्युशन हलकेच खरवडलं. मग हात तसाच हातात ठेवला.

"उद्या शाळा सुटली की ये," ती म्हणाली. "मासे टाकीत सोडू. आणि बाबांशी बोलायचंय मला, तेव्हा तू इथं पाहिजेस."